रोज नाही

वाल्दिव्हियाचा मासळीबाजार बंद झाला
तेव्हा पहिली बोंब मारली समुद्रसिंहांनी.
डोकी, आतडी, शेपट्या, रोजचं सगळं बंद.
रात्रभर नदीकाठी त्यांचा ओरडा.
एक तर चढून आला थेट रस्त्यावर,
बसथांब्याच्या छपराखाली बसला,
जणू आता गाडी येईलच.
नेवेनने खिडकीतून त्याचा फोटो काढला,
मला दाखवला, हसला.
त्यानंतर कितीतरी दिवस तो हसला नाही,
हे मी मागाहून हिशेब लावला तेव्हा कळलं.

मी इस्पितळाच्या धुलाईत, रात्रपाळीला.
चादरी मोजायच्या, पिशव्यांची तोंडं बांधायची,
कुणाची चादर ते विचारायचं नाही.
पहाटे दारातच कपडे उतरवायचे,
आईशी भिंतीआडून बोलायचं.
नेवेन सतराचा. चौघांच्या होडीत तिसरा,
तालाचा पक्का.
क्लबला कुलूप. होड्या मांडणीवर पालथ्या.
वर्ग पडद्यावर, नेवेन पांघरुणात.
आई म्हणायची, वाढतं वय आहे, झोपू दे.
मीही म्हणायचे, झोपू दे.
झोपेला कोण नावं ठेवणार?

ऑगस्टमध्ये शेजारचा इलारिओ,
दहा वर्षांचा, पुढचा दात पडलेला,
फाटकाशी उभा. अंगात निळं जाकीट,
पाठीवर आमचं आडनाव,
बाह्या गुडघ्यापर्यंत.
"मला दिलं. हातमोजेपण दिले.
म्हणाला, आता लागणार नाहीत."

मी चादरी मोजणारी बाई.
एक कमी भरली तर आधी पोटाला कळतं.

स्वयंपाकघरात ओल्या लाकडाचा धूर.
शब्द निवडत बसले असते तर उजाडलं असतं,
म्हणून आला तसाच विचारला,
नेवेन, मरायचे विचार येतात का तुला?

इतका उघडा प्रश्न
आमच्या घरात कुणी कुणाला केला नव्हता.
आमच्यात विचारतात, जेवलास का.

तो पावाचा तुकडा कुस्करत राहिला.
मग म्हणाला,
"रोज नाही."

मला वाटलं होतं मी किंचाळेन.
नाही किंचाळले.
"आज?"
"आज, थोडे."

फरशीवर बसूनच नंबर लावला.
थांबा म्हणणारं संगीत, बासरी,
तोच तुकडा फिरून फिरून, अकरा मिनिटं.
"ही बासरीच मारेल मला," नेवेन म्हणाला,
आणि आम्ही दोघं हसत सुटलो, भलत्या वेळी,
नाकाडोळ्यांना पाणी येईपर्यंत.
म्हणून पलीकडच्या बाईला
आधी आमचं हसूच ऐकू आलं.
ओरियाना तिचं नाव. आवाज सर्दीने बसलेला.
तिला कसलीच घाई नव्हती.

त्या रात्री कामावर कळवलं, येत नाही.
मग मोजणार कोण, साहेब म्हणाले.
मोजा तुम्ही, म्हटलं.
आईने घरातलं काय काय गुंडाळून
शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलं, ते सांगत नाही.
गादी त्याच्या उंबऱ्यात टाकली.

डॉक्टरची तारीख एकोणीस दिवसांनंतरची.
तोवर रोज सकाळी मी विचारायचे, आज?
तो बोटं दाखवायचा. तीन. चार. दोन.
एकदा नऊ.
त्या दिवशी मी त्याचा हात धरला
आणि मोकळ्या रस्त्यातून चालत निघाले
तातडीच्या दाराकडे.
चौकात शिपायाने अडवलं. परवाना?
हा, म्हटलं, भावाकडे बोट करून.
तो बघत राहिला, मग बाजूला झाला.

आता क्लब उघडलाय.
इलारिओने जाकीट परत केलं नाही,
नेवेनने मागितलं नाही. नवं मोठं आहे, ढगळ.
काही दिवशी तो होडीत नुसताच बसून येतो.
गोळ्यांनी हात थरथरतात, म्हणतो,
ताल चुकतो, बाकीचे काही बोलत नाहीत.
बरा झाला का, आई मला विचारते,
जणू मला कुठूनतरी कळवलं जाणार आहे.

काल रात्री धुलाईवरून आले,
तो चुलीपाशी, उघड्या पायांनी.
मी बूट काढता काढता विचारलं, आज?
त्याने बोटं दाखवली नाहीत.
म्हणाला, "तू जेवलीस का?"